समुद्रामागचं रान : वाचक विचारतात

गोवा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गाडी पूर्वेकडे वळवली की अर्ध्या ते दोन तासांत सह्याद्रीचं रान लागतं. पाळोळ्यामागे खोतीगाव आणि नेत्रावळी, कळंगुट-बागामागे सत्तरी आणि चोर्ला, वेंगुर्ला-मालवणामागे आंबोली. या रानातल्या ‘इको’ म्हणवणाऱ्या मुक्कामांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाळोळ्याला पाच रात्री राहणार आहोत. मुलं ९ आणि १३ वर्षांची. त्यातली एक रात्र जंगलातल्या लॉजवर काढावी का? धबधबा बघायला मिळेल का? (पुणे)

एक रात्र नको. काढायच्या तर दोन काढा, नाहीतर सकाळी लवकर जाऊन दुपारी परत या. जंगल जागं असतं ते पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. एका रात्रीच्या मुक्कामात पहिली संध्याकाळ खोली ताब्यात घेण्यात जाते आणि सकाळ बॅगा भरण्यात. पैसे जंगलाचे, वेळ मात्र नाश्त्याच्या टेबलावर. दोन रात्री राहिलात तर मधली एक पूर्ण सकाळ आणि एक पूर्ण संध्याकाळ पदरात पडते.

क्रमही बदला. आधी रान, मग समुद्र. उन्हानं भाजलेल्या खांद्यांवर सॅक अडकवून चालणं मुलांना नको होतं. शिवाय ३१ डिसेंबरच्या आसपास किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. त्या गडबडीतून पहाटे उठून जंगलात शिरायला कोणीही तयार होत नाही.

पाळोळ्याहून सर्वांत जवळचं रान खोतीगाव अभयारण्याचं. क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटर, अंतर दहा-बारा किलोमीटर. आत पायवाटा आहेत, झाडावर बांधलेलं मचाण आहे. मचाणावर सूर्य उगवण्याआधी पोचायला हवं, म्हणजे फाटक किती वाजता उघडतं हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. मुलांना वाघाची आशा लावू नका. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली, गव्याचे खूर आणि शेण दिसण्याची त्याहून चांगली. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि गवा गोव्याचा. दोघांची गाठ एकाच रानात पडू शकते, हे मुलांना सांगायला बरं आहे.

धबधब्याचं म्हणाल तर डिसेंबरअखेर बहुतेक धबधब्यांची धार बारीक झालेली असते. दूधसागर वाहतो, पण जुलैतल्या छायाचित्रात दिसतो तसा नाही. कुळ्याहून जीपनं जाता येतं. एका जीपमध्ये सात जण बसतात, लाइफ जॅकेट घालावंच लागतं. नाताळच्या आठवड्यात तिथे सकाळी सातच्या आत पोचला नाहीत तर दिवस रांगेतच जाईल. धबधबाच हवा असेल तर ऑक्टोबरचा पूर्वार्ध धरा. पाणी भरपूर, पावसाचा जोर ओसरलेला, डोंगर हिरवा. मात्र त्या वेळी किनाऱ्यावरचे शॅक नुकते उभे राहत असतात आणि समुद्रही पुरता शांत झालेला नसतो. दोन्ही एकाच वेळी ऐन रंगात असतात असा आठवडा या भागात नाही.

प्रश्न : जाहिरातीत ‘रेनफॉरेस्ट लॉज’ लिहिलं होतं. फेब्रुवारीत गेलो तर निम्मी झाडं निष्पर्ण! फसवणूक म्हणायची का? (सांगली)

अर्धी फसवणूक, अर्धा भूगोल. केरळच्या दक्षिण भागात पाऊस वर्षात जास्त महिने पसरतो, म्हणून तिथलं रान बारमाही हिरवं. आपल्याकडे आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे सात-आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. त्यामुळे खरं सदाहरित रान घाटमाथ्यावर, धुकं अडणाऱ्या उतारांवर आणि ओढ्यांच्या काठी तुकड्यातुकड्यांनी उरतं. आंबोलीला त्यात अंजनी, जांभूळ आणि पिसा ही झाडं प्रमुख. खाली किनाऱ्याकडच्या उतारांवर निमसदाहरित आणि पानझडी रान. किंजळ, ऐन, नाणा यांची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळायचीच.

बुकिंगच्या वेळी ‘रेनफॉरेस्ट आहे का’ असं विचारू नका, ‘ओढ्याला मार्चमध्ये पाणी असतं का’ असं विचारा. ओढा बारमाही असेल तर त्याच्या काठचं रानही हिरवं सापडतं, आणि उन्हाळ्यात पक्षी-प्राणीही तिथेच येतात.

प्रश्न : एका लॉजवर बांबूचे स्ट्रॉ आणि कापडी पिशव्या होत्या, पण मागच्या बाजूला सांडपाणी थेट ओढ्यात सोडलेलं दिसलं. आधीच ओळखायचं कसं? (नाशिक)

स्ट्रॉ हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न संडासाचा. पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, रात्री उजेड किती आणि कचरा कुठे पुरतात किंवा जाळतात, या चार गोष्टी फोनवर विचारल्या की बरंच कळतं. उत्तर देणारा माणूस अडखळला तर तेही उत्तरच.

सांडपाण्याबद्दल नेमकं विचारा : सेप्टिक टँकनंतरचं पाणी कुठे जातं? ‘शोषखड्ड्यात’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न, ‘पावसाळ्यात तो भरून वर येत नाही का?’ कोकणातल्या जांभ्या दगडात भोकं आणि भेगा असतात, त्यातून पाणी गाळलं न जाता थेट खालच्या झऱ्याला मिळतं. जुलैत भूजल इतकं वर येतं की शोषखड्डा उलटा भरतो. म्हणून चांगली जागा टाकीनंतर खडी आणि कर्दळीचा वाफा करते आणि त्यातून निघालेलं पाणी माड-पोफळींना देते. मालकाला हा वाफा दाखवायला आवडतो, त्यामुळे ‘बघायला मिळेल का’ असं विचारायला संकोच नको.

पिण्याच्या पाण्यासाठी खोलीत प्लास्टिकच्या बाटल्या ठेवतात की गाळण्याची सोय आणि तांब्या-भांडं, हे छायाचित्रातही दिसतं. पोहण्याचा तलाव असेल तर एप्रिल-मेमध्ये तो कुठल्या पाण्यानं भरतात ते विचारा. त्या महिन्यांत खालच्या वाडीतल्या विहिरी तळ गाठतात.

उजेडाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. झाडांवर खालून मारलेले पांढरे झोत आणि फांद्यांवर गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा हे जंगलातल्या लॉजचं सर्वांत मोठं पाप, आणि जाहिरातीत नेमकं तेच सुंदर दिसतं. काजव्यांचे नर-मादी चमकून एकमेकांना शोधतात. प्रखर उजेडात त्यांची खूण हरवते. पतंग दिव्याभोवती फिरून मरतात. वाटेवर गुडघ्याच्या उंचीचे, वरून झाकलेले, पिवळसर दिवे पुरेसे असतात आणि रात्री दहानंतर तेही बंद करता येतात. संध्याकाळच्या छायाचित्रात खोल्यांपेक्षा झाडं जास्त उजळलेली दिसली तर आम्ही तिथे बुकिंग करणार नाही.

संगीताबद्दल वेगळं काय सांगायचं? ‘डीजे ऑन रिक्वेस्ट’ असं लिहिलेल्या जागेत धनेश येत नाही.

प्रमाणपत्रांचा अर्थही माहीत असू द्या. गोव्यात १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात पर्यटन संचालनालयाकडे ‘निवास व न्याहारी’ किंवा ‘कृषी पर्यटन’ म्हणून नोंदणी होते. जागा कायदेशीर आहे, एवढाच त्याचा अर्थ. पर्यावरणाची हमी त्यात नसते. तरी नोंदणी नसलेल्या जागी जाऊ नका. काही बिघडलं तर तक्रार करायला जागाच उरत नाही.

प्रश्न : जळवांची इतकी धास्ती आहे की पावसाळ्यातलं आंबोली टाळत आलो. खरंच किती त्रास होतो? (ठाणे)

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ओल्या पाचोळ्यात जळवा असतातच. डांबरी रस्त्यावर आणि उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, फारशा नाहीत. त्या रोग पसरवत नाहीत, चावताना दुखतही नाही. त्रास नंतरचा. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही अर्धा तास ते दोन-तीन तास रक्त पाझरत राहतं. बघणाऱ्याला ते फार वाटतं, गेलेलं रक्त मात्र थोडंच असतं.

घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे कापडी जळूमोजे घ्या आणि पँट त्यात खोचा. साध्या मोज्यांच्या विणीतून छोटी जळू आरपार जाते. मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा खोबरेल तेलात डेटॉल लावतात. उपयोग होतो, पण एकदा ओढा ओलांडला की धुऊन जातो, म्हणून बाटली बरोबर ठेवा. उभे राहू नका. थांबलेल्या माणसाच्या श्वासाचा आणि उष्णतेचा माग काढत त्या येतात. ओळीत चालताना पहिला माणूस त्यांना जागं करतो आणि तिसरा-चौथा चावून घेतो, तेव्हा धास्ती असलेल्यानं पुढे चालावं.

चिकटलेली जळू ओढू नका. काडीनं भाजू नका, मीठही टाकू नका. त्यानं ती पोटातलं जखमेत ओकते आणि मग जखम पिकते. तिच्या बारीक टोकाशी, म्हणजे तोंडाशी, नख आडवं सरकवा. पकड सुटली की दुसरं टोक सोडवून टिचकी मारा. जखम साबणानं धुऊन कापसानं दहा मिनिटं दाबून धरा. खाज आठवडाभर राहते. खाजवली की चिघळते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच या वाटांवर जावं. नाकात किंवा डोळ्यात गेलेली जळू घरगुती उपायांनी काढू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : मार्चमध्ये दोडामार्गच्या एका लॉजवर जाणार होतो. नातेवाइकांनी माकडतापाचं सांगितलं. जावं की नाही? (मुंबई)

जाता येतं, पण या प्रश्नाकडे जळवांपेक्षा दहापट गांभीर्यानं बघा. जळू दिसते, गोचीड दिसत नाही.

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५मध्ये तो सत्तरीत आणि २०१६मध्ये दोडामार्गात आढळला. विषाणू गोचिडांतून पसरतो. वानर आणि माकडं त्यानं मरतात, मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली पडतात आणि तो भाग धोक्याचा होतो. रुग्ण मुख्यतः डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत सापडतात, कारण त्या वेळी गोचिडांची खसखशीएवढी पिल्लं पाचोळ्यात असतात. काजूच्या बागेत आणि सरपणासाठी रानात जाणाऱ्यांना तो जास्त होतो. पर्यटकाला धोका त्यांच्याहून कमी, पण शून्य नाही.

निघण्याआधी त्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून यंदा रुग्ण किंवा मेलेली माकडं सापडली आहेत का ते विचारा. लॉजवाल्याला नको, कारण त्याचा हंगाम त्यावर अवलंबून असतो. सापडली असतील तर त्या वाडीत जाऊ नका, किनाऱ्यावर रहा. नसतील तरी पाचोळ्यावर बसू किंवा आडवं होऊ नका, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या त्वचेवर वीस-तीस टक्के डीट (कीटक दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग आणि केसांची मुळं बोटांनी चाचपा. गोचीड चिकटलेली असेल तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, नखावर चिरडू नका.

परतल्यानंतर आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग प्रचंड दुखणं असं झालं तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘दोडामार्गच्या रानात होतो’ हे स्वतःहून सांगा. मुंबईतल्या डॉक्टरांना आधी डेंग्यूच आठवणार. मनानं ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो. यावर खास औषध नाही, उपचार लक्षणांवर असतो, म्हणून लवकर पोचण्याला महत्त्व आहे.

प्रश्न : आणि साप? (पाच पत्रं)

रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, बूट झटकून घाला, ओंडक्यावर हात ठेवण्याआधी बघा. आंबोलीत पावसाळ्यात झुडपांवर हमखास दिसतो तो चापडा. तासन्‌तास एकाच फांदीवर बसतो, म्हणून छायाचित्रकार त्याच्या फार जवळ जातात. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेली आहे, चापड्यासाठी नाही. त्याचा दंश सहसा जिवावर बेतत नसला तरी सूज आणि वेदना मोठ्या असतात. अंतर दोन मीटर. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही न करता अवयव हलू न देता १०८ला फोन करा. खोली घेतानाच जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कुठलं आणि रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे विचारून ठेवा. लॉजवर बऱ्याचदा मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे फोन कुठून लागतो तेही.

प्रश्न : जुलैत जायचं ठरवलंय. रेल्वे, रस्ते, धबधबे, कपडे यांबद्दल काय लक्षात ठेवावं? (नागपूर)

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या आसपास लागू होतं. गाड्या हळू धावतात आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात. जुन्या वेळेवर विसंबून लॉजची गाडी मागवलीत तर स्टेशनवर दोन तास बसाल. आंबोलीसाठी सावंतवाडी रोड, चोर्ल्यासाठी थिवी किंवा करमळी, खोतीगावसाठी काणकोण. विमानानं येणाऱ्यांना चोर्ला आणि आंबोली या दोन्हींसाठी मोपा सोयीचं.

घाटात दुपारी चारच्या आत शिरा. धुकं उतरलं की पंधरा-वीस मीटरपलीकडचं दिसत नाही. हेडलाइटचा वरचा झोत लावू नका, धुक्यावरून तो डोळ्यांवर परततो. शनिवार-रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग घाटभर असते, तेव्हा मुक्काम सोमवार ते गुरुवार ठेवा. भाडंही कमी पडतं.

गोव्याच्या अभयारण्यांतले धबधबे पावसाळ्यात पर्यटकांना बंद केले जाऊ शकतात. २०२३च्या जुलैत बुडण्याच्या घटनांनंतर तशी बंदी घातली गेली होती. जायच्या आठवड्यात वन खात्याचा आदेश तपासा आणि ‘आमचा माणूस मागच्या वाटेनं नेतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वर घाटमाथ्यावर ढग फुटला की खाली ऊन असतानाही दहा मिनिटांत ओढ्याला लोंढा येतो. पाणी गढूळ होऊन पाचोळा वाहून यायला लागला की तेवढाच इशारा, ताबडतोब काठ सोडायचा. दूधसागरला रुळांवरून चालत जाणं बेकायदेशीर आहे, रेल्वे पोलीस परत पाठवतात.

जीन्स नेऊ नका, चार दिवस वाळणार नाही. नायलॉनच्या दोन पँट पुरतात. कपडे रात्री पंख्याखाली वाळतात, म्हणून पंखा रात्रभर चालतो का ते विचारा. बूट कागद कोंबून ठेवा. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. एसी खोलीतून एकदम बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते आणि बुरशीला घर मिळतं. गादीला कुबट वास येईल. जुलैत आंबोलीतल्या कोणत्याही प्रामाणिक खोलीत थोडा येतोच, त्यावरून तक्रार करू नका. भिंतीवर काळी बुरशी चढलेली असेल आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर मात्र खोली बदलून मागा.

प्रश्न : बेडकांचे फोटो काढायचे आहेत. लॉजचा गाइड पक्ष्यांचे आवाज वाजवून पक्षी जवळ आणतो म्हणाला. ठीक आहे का? (कोल्हापूर)

नाही. विणीच्या काळात आवाज वाजवला की नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं सोडून लढायला येतो आणि तुम्हाला फोटो मिळतो. बेडूकतोंड्यासारख्या पक्ष्याच्या बाबतीत हेच रोज वेगवेगळ्या गटांसाठी होतं, एकेका जोडीवर महिनाभर. असा गाइड बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बेडकांचं म्हणाल तर आंबोलीची खास ओळख म्हणजे २००९मध्ये शास्त्रीय नाव मिळालेली आंबोली भेकी, झँथोफ्रायनी टायगेरिना. अतिशय छोट्या क्षेत्रात आढळते. पहिल्या पावसाबरोबर जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालते, आणि नेमकी तीच डबकी पर्यटकांच्या बुटाखाली येतात. सड्यावर ओळीत, एकाच वाटेनं चाला आणि डबक्याला वळसा घाला. हाताला डासांचं मलम असताना बेडकाला हात लावू नका, त्याची कातडी ते शोषून घेते. खरं तर मलम नसतानाही नको. पानावरचा बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणारे महाभागही असतात. एका बेडकावर दोन-तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, आणि झाडाला चिकटवलेला बेडकांच्या अंड्यांचा फेस दिसला तर तो फांदी वाकवून खाली आणू नका.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात. तिला जंगल दाखवायचं आहे, ट्रेक नको. (बेळगाव)

मग लॉजऐवजी कुळागरातली जागा बघा. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत घरालगत पोफळी, माड, केळी, मिरीवेल आणि नागवेलींची ओढ्याच्या पाण्यावर वाढलेली बाग असते. सावली दिवसभर, वाटा बऱ्यापैकी सपाट, पक्षी अंगणात. पाटाचं पाणी वाटेवरून जातं तिथे शेवाळ धरतं, काठी लागेलच. पाश्चात्य संडास आहे ना आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे ‘थोड्याशा’ या शब्दावर न सोडता आकड्यात विचारा. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर गाडीतून उतरून थोडंसं चालल्यावर लागतं आणि ते भर रानातच आहे. बोंडल्याला जाणार असाल तर गुरुवार सोडून. त्या दिवशी तिथलं प्राणिसंग्रहालय बंद असतं.

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर आहे, अर्धी काजू, अर्धं रान. चार खोल्यांची छोटी जागा काढायची आहे. सुरुवात कुठून? (चाकरमानी, डोंबिवली)

रान असलेला अर्धा भाग तसाच ठेवून. या तालुक्यात रबर आणि अननसासाठी डोंगर साफ झालेले तुम्ही बघितले असतील. तुमच्याकडे पाहुणा येणार तो उरलेल्या रानासाठी. सातबारा आणि त्यावरचे शेरे आधी बघा. जमीन खासगी वन म्हणून नोंदलेली असेल तर बांधकामाचा विषय तिथेच थांबतो. नसेल तर वन खात्याकडून आणि तहसीलदारांकडून लेखी घ्या. तोंडी ‘काय होत नाही’वर पाया खणू नका.

मग पाणी आणि सांडपाणी, खोल्या त्यानंतर. चार खोल्यांत दहा माणसं धरली तर माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला साडेतेराशे लिटर, स्वयंपाक आणि धुणं धरून दोन हजार. विहीर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एवढं देते का ते मोजा : पंपानं उपसा आणि बारा तासांत पाणी किती चढतं ते बघा. नाही पुरलं तर दोनच खोल्या बांधा.

दहा माणसांच्या सेप्टिक टाकीला आतून दोन मीटर लांबी, ९० सेंटिमीटर रुंदी आणि पाण्याची खोली एक ते १.४ मीटर लागते, वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, दोन कप्पे. खोली १.४ ठेवलीत तर उपसा दोन वर्षांनी, एक मीटर ठेवलीत तर दरवर्षी. छपराचं पाणी चुकूनही तिच्यात सोडू नका; एका जोरदार सरीत टाकीतला सगळा गाळ पुढे वाहून जातो आणि खडीचा वाफा कायमचा तुंबतो. हीच चूक सर्वाधिक होते. वाफा जमिनीच्या वर उचलून बांधा, साठ सेंटिमीटर खडी, माणशी दीड-दोन चौरस मीटर, कर्दळ दाट लावा. विहिरीपासून किमान १८ मीटर, जांभा भेगाळ असेल तर तीस, आणि नेहमी विहिरीच्या खालच्या अंगाला.

बांधकाम चिऱ्याचं, छप्पर मंगलोरी कौलांचं, उतार तीस अंशांच्या वर आणि वळचण मीटरभर बाहेर. पश्चिमेची भिंत सगळा पाऊस झेलते, तिथे खिडकी मोठी ठेवलीत तर खोली जूनमध्येच भिजते. तिकडे व्हरांडा काढा आणि पावसाळ्यात झावळांची झापं बांधा, जुन्या घरांत बांधतात तशी. जोतं निदान दोन फूट, वाळवीसाठी आणि पाण्यासाठीही. बांबू वापरणार असाल तर माणगा घ्या, भरीव असतो. पाऊस संपून थंडी पडल्यावर तोडा आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाच-सहा टक्के द्रावणात बुडवून ठेवा. न मुरवलेला बांबू दोन पावसाळ्यांत भुग्यानं पोखरतो आणि पाहुण्याच्या उशीवर पिवळी पूड पडते.

विजेचा हिशेब जुलैचा करा, फेब्रुवारीचा नको. चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रोज बारा तास चालवले तर दीड युनिट, आठ एलईडी दिवे पाव ते अर्धं युनिट, फ्रिज दीड, पंप अर्धं. रोजची गरज पावणेचार ते चार. दोन किलोवॉटचं सौरपॅनेल फेब्रुवारीत आठ युनिटं देईल, पण ढगाळ जुलैत दोन-तीन धरा. म्हणजे महावितरणची जोडणी ठेवावीच लागते. ‘शंभर टक्के सौर’ असं पाटीवर लिहू नका, जुलैतला पाहुणा जनरेटरचा आवाज ऐकतो. सौर हीटरही पावसाळ्यात नावापुरताच. न्हाणीत तांब्याचं भाण बसवा आणि खाली नारळाची सोडणं जाळा. तुमच्याच बागेतलं जळण आहे.

जेवण कोण करणार हे घर बांधण्याआधी ठरवा. वाडीतल्या बायकांच्या बचतगटाशी बोला, माणशी दर ठरवा आणि पैसे त्याच दिवशी द्या. भात, कुळथाची पिठी, सोलकढी, हंगामात फणसाची भाजी आणि अळू एवढ्यावर मुंबईचा पाहुणा खूश असतो. पनीर बटर मसाला मागणाऱ्याला सावंतवाडीला हॉटेलं आहेत.